उलटं रिटर्न

वाटणीच्या दिवशी झुंबरबाईनं पुरणाचा स्वयंपाक केला होता. कोणी म्हणेल, भाऊ भावापासून वेगळा होतो त्या दिवशी पुरण कशाला? पण केला होता, आणि मनातून खुशीनं केला होता. धानोरीच्या शिवारात दोघा भावांची मिळून सात एकर जमीन. थोरला पुंजाजी, म्हणजे झुंबरबाईचा नवरा, त्याच्या वाट्याला विहीर आली आणि विहिरीखालची काळी जमीन आली. धाकट्या इंद्रभानाला रेल्वेच्या तारेलगतची लांबोळकी पट्टी मिळाली. वर मुरूम, खाली मुरूम, आणि पाण्याची पाळी आठवड्यातून दोन दिवस, तीही थोरल्याच्या विहिरीवरून.

"त्यात काय पेरशीन बे, गिट्टी?" पुंजाजी जेवताना म्हणाला होता.

इंद्रभान हसला. दोन वर्षांपूर्वी घरात आलेली त्याची बायको आशाबाई पंगतीत वाढत होती. ती हसली नाही, रडली नाही, बोलली तर मुळीच नाही. भाताचं पातेलं उचलून पुढच्या पानाकडं गेली. ते न बोलणं झुंबरबाईला तेव्हाच खटकलं होतं.

पुढं महाराष्ट्र झाला. झाल्याच्या दुसऱ्या साली मलकापूरची शटल सुरू झाली. धानोरीच्या शिवारातून मेलगाड्या आधीही धडधडत जायच्या, पण त्या कुणासाठी थांबतात? पॅसेंजर थांबायची ती दीड कोसावर, पिंपळखेडच्या स्टेशनात. शटल मात्र खेड्यापाड्यांसाठी. रेल्वे म्हणे, परवडत नाही. मुंबईचं सरकार म्हणालं, चालवा, तूट येईल त्यातली अर्धी आम्ही सोसतो. सकाळी साडेसहाला मलकापूरकडं, संध्याकाळी पाचला तिकडून परत. धानोरीला हॉल्ट द्यायचा ठरला. साखळी घेऊन माणसं आली, मोजमाप केलं, खुंट्या ठोकल्या. आणि हॉल्ट आला कुठं, तर इंद्रभानाच्या पट्टीला चिकटून.

गावानं त्याला हाल्ट म्हणायला सुरुवात केली. मातीचा भराव, पत्र्याची छपरी, छपरीला एक खिडकी, आणि पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत धानोरी. तिकिटांची एजंटी द्यायची तर जवळ राहणारा आणि चार अक्षरं येणारा माणूस हवा. इंद्रभानाला अक्षर येत नव्हतं, पण आशाबाई चौथी शिकलेली होती. मग इंद्रभान मुरमात राबू लागला आणि आशाबाई खिडकीत बसू लागली. कार्डाच्या तिकिटावर तारखेचा ठसा मारायची, खटक. गावातली म्हातारी माणसंसुद्धा खिडकीपुढं वाकून म्हणत, "आशाबाई, येक मलकापूर दे वं माय."

झुंबरबाई जळली. यात लपवायचं काय? जळली ती, चांगली मुळापासून जळली. विहीर तिची, काळी जमीन तिची, वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं तिचं रसरशीत, आणि गावाच्या तोंडी नाव आशाचं. जी पट्टी फुकट कोणी घेतली नसती तिच्यापाशी सरकार स्वतःच्या पायानं चालत आलं. रात्रीच्या जेवणात ती नवऱ्याला म्हणायची, "तुमी वाटणीच्या टायमाले इचार नाई केला." पुंजाजी म्हणायचा, "मले काय सपन पडलं होतं, गाडी येईन म्हून?" आणि भाकरीचा तुकडा मोडायचा.

तरी पहिल्या दिवशी ती गेली हो हाल्टावर. डोक्यावर वांग्याचं टोपलं, काखेत सांबाराची जुडी, बरोबर सोजराबाई आणि रुखमाबाई या दोघी शेजारणी. त्याही भाजीवाल्याच, आणि दोघी झुंबरबाईच्या शब्दाबाहेर नसत. खिडकीत आशाबाई लाकडी स्टुलावर बसलेली. आता त्या घरची रीत अशी होती की थोरली जाऊ आली की धाकटीनं उठून उभं राहायचं. हातातलं काम टाकून उठायचं. वाटणी झाली तरी रीत वाटली जात नाही. झुंबरबाई खिडकीपुढं उभी राहिली, उठण्याची वाट पाहत राहिली.

आशाबाई उठली नाही. ती पेटीतून सुटे पैसे वेचत होती. मान खालीच ठेवून म्हणाली, "कुठलं?"

कुठलं! अगं, दोन वर्षं जिच्या चुलीवरचं खाल्लं, जिच्या हाताखाली भाकरी थापायला शिकलीस, ती कुठं निघाली हे तुला ठाऊक नाही? मागं सोजराबाई उभी, रुखमाबाई उभी. झुंबरबाईचा हात पदराच्या गाठीवरच थिजला.

"मलकापूर," ती म्हणाली. तिला वाटलं आपण भीक मागितली.

खटक. तिकीट आलं. आशाबाईनं मान वर केली तेव्हा कुठं तिला कळलं समोर कोण आहे. ती अर्धवट उठली. पण झुंबरबाई वळून चालू लागली होती आणि मागून सोजराबाईचा हात खिडकीत गेला होता. आशाबाई परत बसली.

त्या दिवशी मलकापुरात वांगी विकली तरी झुंबरबाईचं मन बाजारात नव्हतं. कुठलं, कुठलं, एवढंच डोक्यात. संध्याकाळी ती मलकापूरच्या तिकीटखिडकीशी गेली. पुढं एक मारवाडी बाई होती. ती म्हणाली, "जानेआनेका." बाबूनं तिला तिकीट दिलं आणि म्हणाला, "रिटर्न आहे, उद्यापर्यंत चालेल." झुंबरबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिनं पैसे सरकवले. "धानोरी, जानेआनेका."

आलं का ध्यानात? माणूस घरून निघतो, बाजारी जातो, घरी येतो. त्याचं रिटर्न घरून काढायचं असतं. झुंबरबाईनं ते उलटं काढलं. मलकापूरहून धानोरीला यायचं आज, आणि धानोरीहून मलकापूरला जायचं उद्या सकाळी. सकाळी हाल्टाच्या खिडकीकडं बघायचंसुद्धा नाही. चोळीत अर्धं तिकीट ठेवायचं, टोपलं डोक्यावर घ्यायचं आणि आशाच्या समोरून ताठ मानेनं जाऊन गाडीत बसायचं.

आठ दिवसांत सोजराबाई आणि रुखमाबाईनं तेच धरलं. महिन्याभरात गावातल्या सगळ्या भाजीवाल्यांनी, दुधवाल्या पुरभाजीनं आणि कापसाच्या जिनात कामाला जाणाऱ्या बायांनी. कुणी विचारलं तर झुंबरबाई म्हणायची, "मलकापूरच्या खिडकीत टाइम नाई लागत." बायकांना खरं कारण कळत होतं. पण थोरलीच्या विहिरीवर धुणं धुवायचं असे, दुष्काळात पाणी भरायचं असे, म्हणून कुणी उलट बोललं नाही. हाल्टाच्या खिडकीपुढं आता सकाळी चार माणसं उभी राहायची, कधी पाच. झुंबरबाई गाडीच्या दारातून ती मोजायची. तिच्या जिवाला गारवा वाटायचा.

अशी दोन वर्षं गेली. आशाबाई एकदाही बोलायला आली नाही. ती आली असती, "बाई, काऊन असं करता?" एवढं म्हणाली असती, तरी झुंबरबाईनं खिडकीतून तिकीट घेतलं असतं. हे ती कुणाला सांगत नव्हती, पण रोज संध्याकाळी अंगणात तांदूळ निवडताना तिचे कान बांधावरच्या पावलांकडं असायचे.

मग पौषात इंद्रभान आला. ओसरीच्या कडेवर टेकला, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"वयनी, येक बोलायचं होतं."

"बोला ना, भाऊजी."

"हाल्टाची मोजणी हाये. पंधरा दिवस. मुंबईहून कागद आला म्हंते. रोजचे पंचवीस तिकीट जठी खपत नाईत थे हाल्ट बंद करून राह्यले. सरकार म्हंते, आमी काऊन तूट भरू?"

"मंग?"

"आपल्या खिडकीवर पाच खपते, वयनी. लय झाले तं सात." त्यानं टोपी फिरवली. "बाया अठूनच बसते, तीस-बत्तीस. पण तिकीट तिकडचं. पंधरा दिवस अठून घेतलं असतं तं..."

"आमी का फुकट बसतो गाडीत? सरकारले पैसे जातेच नं आमचे. अठचे काय न् तठचे काय, सरकार तं येकच हाये."

झुंबरबाईला स्वतःचं बोलणं बरोबर वाटत होतं, अगदी मनापासून. ज्या सरकारनं गाडी आणली ते चार बायांच्या तिकिटापायी हाल्ट उचलून नेईल? आणि खरं दुःख वेगळंच होतं. तिनं विचारलं, "तुमाले पाठवलं काय आशानं?"

"नाई बाप्पा. तिनं तं जाऊ नका म्हतलं."

हे ऐकलं आणि झुंबरबाई उठून आत गेली. इंद्रभान टोपी घालून निघून गेला.

मोजणीचा बाबू आला. काळा कोट, गळ्यात मफलर, बगलेत रजिस्टर. रोज सकाळच्या गाडीआधी खिडकीच्या बाजूला खुर्ची टाकून बसायचा. आशाबाई त्याला चहा द्यायची. झुंबरबाई गाडीच्या दारातून बघायची, कप चिनी मातीचा होता. वाटणीत तिनंच आशाला दिला होता, टवका उडालेला म्हणून.

नवव्या दिवशी संध्याकाळी आशाबाई स्वतः आली. झुंबरबाई विहिरीवर मेथीच्या जुड्या बांधत होती. मोटेचं पाणी थारोळ्यात पडत होतं. आशाबाई बांधावर उभी राहिली. पदर सावरला, पायाच्या अंगठ्यानं माती उकरली.

"बाई."

आली शेवटी. झुंबरबाईनं मान वर केली नाही. जुडी घट्ट बांधली. "काय वं?"

"तुमी नका घेऊ तिकीट. तुमाले नाई घ्याचं तं नका घेऊ." आशाबाई हळू पण नीट बोलत होती, घरून ठरवून आणल्यासारखी. "पण सोजराबाईले, रुखमाबाईले सांगा. जिनातल्या बायांले सांगा. तुमी सांगतलं तं त्या घेतीन."

झुंबरबाईच्या हातातला केळीच्या सोपट्याचा धागा तुटला. दोन वर्षं जिची वाट पाहिली ती आली, आणि काय म्हणाली? तू नको. बाकीचे सगळे चालतील, तू तेवढी नको. तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं की आपण इतक्या दुखावल्या जाऊ.

"मी कोणाले बांधून ठेवलं काय?" ती म्हणाली. "तिचं तिचं तोंड हाये. तूच सांग जाऊन. शिकेल हायेस."

थारोळ्यातलं पाणी दांडातून आशाबाईच्या पायाशी आलं तशी ती बाजूला झाली. मग बांधावरून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत झुंबरबाई बघत होती. जुड्या बांधायच्या राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी मेथी कमी गेली.

शेवटच्या दिवशी झुंबरबाई नेहमीपेक्षा लवकर निघाली. तिनं मनाशी ठरवलं होतं असं नाही म्हणता येणार, पण पदराच्या टोकाला तिकिटाचे सुटे पैसे बांधले होते. रात्री पुंजाजी म्हणाला होता, "हाल्ट गेला तं टोपलं घेऊन दीड कोस कोणं जाईन? तुवे घुटने पाह्य." गुडघे खरंच चांगले नव्हते. चोळीत कालचं अर्धं रिटर्न होतं, तरी ती छपरीकडं वळली. सोजराबाई आणि रुखमाबाई एकमेकींकडं बघून तिच्या मागं वळल्या. त्यांच्या मागं जिनातल्या बायाही थबकल्या.

बाबू खुर्चीत बसून चहा पीत होता. रजिस्टर उघडं होतं.

"बाई, तुमचं अक्षर मात्र सुंदर आहे," तो आशाबाईला म्हणत होता. "आमच्या कारकुनांचं नसतं असं."

झुंबरबाईच्या हाताची पदराशी चाललेली धडपड थांबली. तिला सही येत नव्हती. ती अंगठा करत असे, वाटणीच्या कागदावरही नवऱ्याच्या बाजूला तिनं अंगठाच दाबला होता. तिनं चोळीतून अर्धं तिकीट काढलं आणि बाबूपुढं धरलं. का, ते तिलाच ठाऊक.

बाबूनं चष्म्याखालून पाहिलं. "हे मलकापूरचं तिकीट झालं, बाई. हे धानोरीच्या मोजणीत येत नाही."

"काऊन नाई येत? मी तं अठूनच बसते."

"बसता इथून, पण लागता मलकापूरला. कागदावर तुम्ही मलकापूरच्या आहात." त्यानं रजिस्टरावर बोट ठेवलं. "इथं चौदा दिवसांत तुमच्यापैकी एकही बाई नाही. अजून वेळ आहे, खिडकीवरून घ्या. तुम्ही सगळ्या जणींनी आज घेतलं तर मी शेरा मारीन की बाया आहेत, पण तिकीट तिकडून काढतात. शेऱ्याचा उपयोग होतो कधीकधी."

तेव्हा झुंबरबाईला पहिल्यांदा समजलं. दोन वर्षं आपण या हाल्टावर उभ्या होतो आणि नव्हतोही. मागं तीस बाया उभ्या होत्या, त्याही नव्हत्या. लांबून इंजिनाची शिटी आली. तिनं खिडकीकडं पाहिलं. आशाबाईचा हात तिकिटांच्या गठ्ठ्यावर होता, एक तिकीट अर्धं ओढलेलं. आज ती उठून उभी होती. आता तिनं फक्त विचारायचं होतं, कुठलं? झुंबरबाईनं उत्तर तयार ठेवलं होतं.

आशाबाई झुंबरबाईशी नाही, बाबूशी बोलली. "राहू द्या साहेब. त्या नाई घेत."

झालं. झुंबरबाईनं अर्धं तिकीट मुठीत आवळलं आणि भरावावर जाऊन उभी राहिली. सोजराबाई गेली, रुखमाबाई गेली, सगळ्या गेल्या. गाडी आली तेव्हा छपरीपुढं पाच माणसं होती, चार पुरुष आणि माहेरपणाहून सासरी निघालेली एक पोर.

माघात पाटी निघाली. शटल चालू राहिली, धानोरीला थांबायची बंद झाली. पहिल्या सकाळी ती हाल्टावरून शिटी न मारता गेली. झुंबरबाई विहिरीच्या काठावर उभी राहून बघत होती. खोटं कशाला सांगायचं, आधी तिला बरं वाटलं. रिकामी छपरी, बंद खिडकी, स्टूल आत कुठंतरी उलटं पडलेलं. आता आशा तिच्यासारखीच झाली. हे बरं वाटणं न्याहारीपर्यंत टिकलं. मग टोपल्यातल्या वांग्यांचं काय करायचं हा प्रश्न आला.

सोजराबाईनं गावच्या बाजारात बसायला सुरुवात केली. रुखमाबाईच्या मुलानं बैलगाडी जुंपली, पण तिच्यात तिसऱ्याचं टोपलं मावत नव्हतं. जिनातल्या बायांची कामं गेली. त्यातली एक झुंबरबाईच्या विहिरीवर धुणं धुवायला आली, तिनं धुणं फार जोरानं आपटलं. झुंबरबाईला आतल्या घरात जाऊन बसावं लागलं.

राहिल्या दोघी जावा. पिंपळखेडला चालत जायचं तर पहाटेच निघावं लागे, रुळाच्या कडेच्या पायवाटेनं. झुंबरबाईला पहिल्या दिवशी वाटलं आपण एकटीच आहोत. मग उजाडता उजाडता पुढं शंभर पावलांवर एक बाई दिसली, डोक्यावर टोपलं. आशाबाई. खिडकी गेली तशी तिनंही टोपलं घेतलं होतं. मुरमात इंद्रभानानं तळ्यातला गाळ टाकून भेद्रं, म्हणजे टमाटे, लावली होती, ती आता तोडणीला आली होती. रोज अशाच जायच्या दोघी, मध्ये शंभर पावलं. आशाबाई मागं पाहत नव्हती आणि झुंबरबाई हाक मारत नव्हती. पण झुंबरबाईचा सगळा डोळा पुढच्या पाठीवर. तिचं चालणं कसं हलकं. तिला चुंबळ सावरावी लागत नाही. तिचे गुडघे दुखत नाहीत. हेही जळण्यासारखंच होतं आणि झुंबरबाई ते सोडत नव्हती.

पंधराएक दिवसांनी एका सकाळी धुकं होतं. पुलाजवळ गिट्टीवरून झुंबरबाईचा पाय सरकला. ती गुडघ्यावर पडली, टोपलं कलंडलं, वांगी उतारावरून ओढ्याकडं घरंगळली. गुडघ्यातून कळ थेट कमरेत गेली. तिनं पुढं पाहिलं. धुक्यात कुणी दिसत नव्हतं. तिनं पडून राहून हाक मारावी असं एकदा मनात आलं. मारली नाही. चारी बाजूंनी वांगी गोळा केली, लुगड्याला पुसली, अर्धी ओढ्यातच सोडली. टोपलं स्वतःच्या हातानं डोक्यावर घेताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हात द्यायला कोणी नव्हतं म्हणून आलं, आणि जिनं द्यायचा तिला आपणच दूर केलं म्हणूनही आलं.

पिंपळखेडचा सिग्नल पडला होता. शटल स्टेशनात उभी होती, इंजिनाची वाफ धुक्यात मिसळत होती. झुंबरबाई लंगडत निघाली. तिकीटखिडकीशी पाच-सहा माणसं होती, तिथं उभं राहिलं तर गाडी जाणार, आणि बिनतिकिटानं ती जन्मात बसली नव्हती. आता आशा दारातून बघत असेल, तिला वाटलं. आपण बघत होतो तशी, माणसं मोजत. तिच्या जिवाला गारवा वाटत असेल. वाटू दे, तिचा हक्क आहे.

आशाबाई डब्यात नव्हती. ती फाटकाशी उभी होती, टोपलं खाली ठेवून. गार्ड हिरवं निशाण हातात गुंडाळून तिच्यावर खेकसत होता. "बाई, बसता की नाही?"

"बसतो. आमचं माणूस येऊन राह्यलं," आशाबाई म्हणाली.

झुंबरबाई पोचली. दम लागला होता, लुगड्याला गुडघ्यापाशी रक्ताचा डाग होता. आशाबाईनं तिच्या डोक्यावरचं टोपलं उतरवलं, डब्यात ठेवलं, मग स्वतःचं ठेवलं. मग मूठ पुढं केली. मुठीत दोन तिकिटं होती. एक तिनं पुढं सरकवलं.

दोन वर्षं जे तिकीट या हातातून घेतलं नाही ते समोर होतं. झुंबरबाईनं हात पुढं केला, पण तोंडातून शब्द निघाला तो तिलाही न विचारता निघाला.

"कुठलं?"

आशाबाईनं तिच्याकडं पाहिलं. वाटणीच्या पंगतीत जी हसली नव्हती, ती आता ओठ दाबून हसली.

"मलकापूर. निस्तं जायाचं काढलं, बाई. येतानी तुमी काढा दोघीचं."

झुंबरबाईनं तिकीट घेतलं, चोळीत ठेवलं आणि तिचा हात धरून डब्यात चढली. शिटी झाली. दोघी टोपल्यांना पाठ लावून खाली बसल्या. दुखरा गुडघा लांब करताना झुंबरबाईची नजर आशाच्या टोपल्यावर गेली. मुरमातली भेद्रं, पण काय लाल होती. तिच्या काळ्या जमिनीत एकदाही इतकी लाल निघाली नव्हती. बारीकशी का होईना, जळलीच ती.

"गाळ किती गाड्या टाकला वं?" तिनं विचारलं.